परवा नाही

"विमानाला खड्डा नाही, टोलनाका नाही, आडवं येणारं जनावर नाही. मग दोन दिवस लागतात कशाला?" मामा म्हणाले.

सकाळपासून त्यांनी हे तीनदा विचारलं होतं आणि ताईने तिन्ही वेळा सांगितलं होतं. मामा ऐकायला कमी आणि विचारायला जास्त. चाळीस वर्षं ट्रक चालवून त्यांचा खिडकीकडचा कान गेला होता आणि उरलेला कान ते सोयीप्रमाणे वापरत. आपल्या बहिणीच्या नवऱ्याच्या ट्रकधंद्यातली पहिली गाडी त्यांनीच चालवली होती, त्यामुळे या घरात त्यांना गप्प बसा म्हणण्याची कुणाची प्राज्ञा नव्हती.

"थेट विमान नाही, मामा. तीन विमानं बदलावी लागतात. मधल्या एका ठिकाणी तर अर्धा दिवस नुसतं बसून राहायचं."

"बसून का राहायचं?"

"पुढचं विमान तिथून सुटतं म्हणून."

"म्हणजे माल उतरवून दुसऱ्या गाडीत भरायचा," मामा म्हणाले आणि त्यांचं समाधान झालं. एका गाडीतून दुसऱ्या गाडीत चढवाचढव आली की वेळ जाणारच, मग माल सिमेंटचा असो की माणसाचा.

दवाखान्याच्या दुसऱ्या मजल्यावर, काचेच्या दाराबाहेर, एकाला एक जोडलेल्या लोखंडी खुर्च्या होत्या. एक हलली की सगळ्या हलत. ताई, मामा, धाकटा आणि धाकट्याची बायको असे चौघे कालपासून आळीपाळीने त्या खुर्च्या हलवत बसले होते. दारापलीकडे आई होती. छातीत न्यूमोनिया, तोंडावर मास्क, आणि मनात एकच हट्ट.

परदेशी असलेल्या थोरल्याचं शहर इथून किती लांब, हे या घरात पहिल्यांदा मोजलं वडिलांनी. तेरा हजार किलोमीटर. थोरला तिकडे नोकरीला निघाला तेव्हा त्यांनी यार्डात उभ्या उभ्या तोंडी हिशोब केला होता, की भरलेली गाडी, डबल ड्रायव्हर, मधे समुद्र नाही असं धरून, वीस दिवस. मग भेटेल त्याला सांगत सुटले, "पोरगा वीस दिवसांवर चाललाय." लोक म्हणायचे, अहो, विमानाने जातोय ना? तर म्हणायचे, "विमानाने अंतर कमी होत नाही बाबा, नुसतं कळेनासं होतं."

त्यांच्याच वेळी ते कळलं. पाच वर्षांपूर्वी ते अचानक गेले आणि थोरला तीन विमानं बदलत तिसऱ्या दिवशी दारात उभा राहिला, तेव्हा भाड्याने आणलेल्या खुर्च्यासुद्धा परत गेल्या होत्या. अग्नी द्यायला थांबला असतास, एवढंच तो धाकट्याला म्हणाला. कशाच्या भरवशावर, धाकटा म्हणाला, तुला कधी कुणाची परवा होती? थोरला दुसऱ्या दिवशी परत गेला, तो आजतागायत आला नव्हता. आणि धाकट्याच्या तोंडात ते वाक्य बसलं ते बसलंच. यार्डाची भिंत पडो, आईचा चष्मा फुटो, गाडी उलटो, तो म्हणणार, "तिकडे कुणाला परवा आहे?" ऐकून ऐकून घरातल्या माणसांना तो शब्द थोरल्याचं आडनाव असल्यासारखा वाटायला लागला होता.

काचेचं दार उघडून डॉक्टर बाहेर आल्या. मध्यमवयीन बाई, बोलायला सरळ.

"मास्कवर भागत नाहीये," त्या म्हणाल्या. "श्वास घ्यायला त्या सगळी ताकद लावताहेत. ती किती पुरणार? नळी घालून मशीनवर घ्यायला हवं."

"मग बरी होईल?" धाकट्याने विचारलं.

"वेळ मिळेल. औषधांना काम करायला वेळ हवाय. बाकी या वयात शब्द देत नाही मी."

"आणि नाही घातली तर?"

"आजची रात्र निघेल बहुतेक. उद्याचं सांगता येत नाही. परवाचं तर नाहीच."

"नळी असताना बोलता येतं?" ताईने विचारलं. तिला उत्तर माहीत होतं, पण मामांनी ते डॉक्टरांच्या तोंडून ऐकायला हवं होतं.

"नाही. आवाजाच्या वाटेतूनच जाते ती. मी दोनदा विचारलं त्यांना, नको म्हणतात. पूर्ण शुद्धीवर आहेत, त्यांच्या मनाविरुद्ध मी काही करणार नाही. तुम्हीच समजवा."

डॉक्टर गेल्या. खुर्च्या हलल्या.

"समजवायचं काय त्यात?" मामा म्हणाले. "आक्काला थोरल्याशी बोलायचंय. बोलू द्या. बोलायचं राहून जगली तर त्या जगण्याला काय चाटायचंय?"

"मामा, तो परवा येणार," ताई म्हणाली. "तोवर ती असायला तर हवी ना? बोलता नाही आलं तरी दिसेल त्याला. हात हातात घेईल. बाबांच्या वेळी त्याला तेवढंही मिळालं नाही."

"न मिळायला काय झालं होतं," धाकटा म्हणाला. "निघायचं होतं वेळेत."

"अहो, आता नको ते," त्याची बायको म्हणाली. तिला घरात सगळे धाकटीच म्हणत. ती या घरात आली तेव्हा भांडणं सुरू झालेली होती आणि ती कशावरून, हे तिला तुकड्यातुकड्यांनी कळत गेलं होतं. त्यामुळे ती कुणाच्याच बाजूची नव्हती, आणि म्हणूनच दोन्ही बाजूंना ती फितूर वाटायची.

आईला थोरल्याशी काय बोलायचं होतं, हे कुणालाच ठाऊक नव्हतं. कशाविषयी, ते मात्र सगळ्यांना ठाऊक होतं. वडील गेले त्या सकाळी खोलीत फक्त आई होती. जाताना त्यांनी थोरल्यासाठी काहीतरी सांगितलं. ते तिने पाच वर्षं सांभाळलं. दर रविवारी थोरल्याचा फोन यायचा. "काय रे, तुझ्याकडे अजून कालच चाललाय का?" असं आई विचारायची. "हो गं, तुझा दिवस शिळा झाला की मगच माझ्याकडे येतो," असं तो म्हणायचा, आणि दोघं हसायची. हसून झालं की आई म्हणायची, "तुझ्या बाबांचं एक सांगायचंय. येशील तेव्हा सांगेन." फोनवर सांग म्हटलं की म्हणायची, फोनवर सांगायची गोष्ट नाही ती. आणि तो यायचा नाही, कारण धाकटा आधी ये म्हणत नव्हता, आणि धाकटा बोलवायचा नाही, कारण आपल्या घरी यायला आमंत्रण कसलं. दोघेही बापावर गेलेले. मोडेन पण वाकणार नाही.

ताई आत गेली. आई उशांच्या टेकूने अर्धी बसलेली होती. खांदे प्रत्येक श्वासाला वर जात होते. ताई जवळ बसताच तिने मास्कची कड उचलली.

"कुठपर्यंत आला?"

हा खरं तर ताईचा प्रश्न. नवऱ्याचं घर सोडून ती बापाच्या ऑफिसात येऊन बसली त्याला तपं लोटली, आणि तेव्हापासून दिवसभर ती फोनवर ड्रायव्हरांना हेच विचारत आली होती. तिच्यापेक्षा वयाने मोठे ड्रायव्हरही तिला ताईच म्हणत आणि खोटं बोलायला घाबरत.

"तिकिटाच्या खटपटीत आहे," ती म्हणाली. "आई, डॉक्टर काय म्हणतात ऐकलंस ना?"

"ऐकलं."

"मग घालू दे ना नळी. थोडी बरी झालीस की काढतील. मग बोल की त्याच्याशी पोटभर."

"नाही निघाली तर?"

आईने मास्क लावून चार श्वास घेतले आणि पुन्हा उचलला.

"आणि मरायला काय गं, मी तयार आहे. हे पोटात घेऊन मरायला नाही."

"मग मला सांग. मी सांगते त्याला. एक अक्षर इकडचं तिकडे होणार नाही."

"तुझ्या तोंडून गेलं की ते तुझं होतं," आई म्हणाली. "त्यांनी त्याला सांगितलंय. तो आला की घाला काय घालायचं ते."

ताई तिचा हात धरून बसली. हात गार होता आणि नखं निळसर झाली होती. आपण आईला डोळ्यांदेखत जाऊ देणार आहोत, ती मनात म्हणाली, चार वाक्यांसाठी. तिला त्या वाक्यांचा राग आला. मेलेल्या बापाचाही आला. आयुष्यभर थोरला वीस दिवसांवर राहिला आणि ही पोरगी दहा पावलांवर, तरी शेवटचं बोलणं त्याच्याचसाठी ठेवलं. हे तिने आजवर कुणाला बोलून दाखवलं नव्हतं, आताही नाही.

दुपार कलली तेव्हा थोरल्याचा फोन आला. ताई आणि धाकटा आईजवळच होते, धाकटी पाण्याचा पेला घेऊन पायथ्याशी. ताईने स्पीकर लावून फोन आईच्या उशीवर धरला. पलीकडे गर्दीचा गलबला होता आणि कुणीतरी भोंग्यातून विमानांचे नंबर पुकारत होतं.

"ताई, मी विमानतळावर आहे. मिळालं तिकीट. आई कशी आहे?"

"ऐकतेय ती. बोल."

"आई, निघालो गं."

आईने मास्क उचलला. "ये," ती म्हणाली. तिचा चेहरा सैल झाला. कालपासून पहिल्यांदा.

"ताई, तपासणीच्या रांगेत आहे मी, फोन ट्रेमध्ये टाकावा लागेल. पटकन सांग, डॉक्टर काय म्हणाले?"

"नीट ऐक, दादा. तू येणार परवा. तोवर आई मास्कवर तगणार नाही म्हणतात. नळी घालायला हवी. पण नळी घातली की तिला बोलता येणार नाही. तुझ्याशी बोलायचंय म्हणून ती अडून बसलीय. काय करायचं, तूच सांग."

भोंग्यातला आवाज मोठा झाला. त्यातून थोरला काहीतरी म्हणाला, ते कळलं नाही. मग नीट ऐकू आलं.

"परवा नाही," तो म्हणाला. "परवा ना..." आणि फोन तुटला.

खोलीत मास्कमधून हवा सुटण्याचा आवाज तेवढा राहिला.

"घ्या," धाकटा म्हणाला. "ऐकलंस, आई? तुला बोलता आलं नाही तरी परवा नाही म्हणतोय. मी पाच वर्षं सांगतोय, तर मीच वाईट."

"अहो, काहीतरीच काय," धाकटी म्हणाली. "दिवसाचं म्हणत असतील भाऊजी. परवा नाही, म्हणजे..."

"परवा नाही तर कधी? तेरवा? म्हणजे एकूण एकच."

"वाक्य तुटलंय हो त्यांचं."

"दोनदा म्हणाला तो. दोनदा ऐकलं मी."

परवा. दिवस म्हणा की काळजी म्हणा, कानाला दोन्ही सारखंच. पुढचं वाक्य आलं तर कळणार, नाहीतर ज्याच्या मनात जे आधीपासून असेल तेच तो ऐकणार. धाकट्याच्या मनात काय होतं ते सगळ्यांना माहीत होतं. आईच्या मनात काय असेल, हे त्या क्षणापर्यंत कुणी विचारात घेतलं नव्हतं. आई ताईकडे बघत होती.

"तू ऐकलंस?" आईने विचारलं.

आता इथे ताईविषयी एक सांगायला हवं. ट्रकच्या धंद्यात रस्त्यावरून येणारे अर्धे फोन मध्येच तुटतात. वडिलांनी तिला खुर्चीत बसवलं त्याच दिवशी बजावलं होतं, की तुटलेलं वाक्य धरून चालायचं नाही, परत फोन लावायचा. तुटलेल्या वाक्यावर त्यांनी तरुणपणी एक अख्खी गाडी भलत्याच गावात खाली करून घेतली होती. ताईने हा धडा हजारदा पाळला होता आणि आता कळायला तिला एका श्वासाचाही उशीर झाला नाही. परवा नाही, आधी. किंवा परवा नाही, नंतर. काळजीचा इथे संबंधच नव्हता. पण नंतर असेल तर आईला धीर उरणार नाही. आणि आधी असेल, समजा उद्या असेल, तर आई उद्यापर्यंत हटून बसेल, नळी घालू देणार नाही, आणि रात्री कधीतरी या खांद्यांची ताकद संपेल. फोन ताईच्या हातात होता. नंबर वरच होता.

"ऐकलं," ती म्हणाली.

खोटं काहीच नव्हतं त्यात. आईने मान हलवली, हिशोब पटल्यासारखी.

"पाच वर्षं," ती म्हणाली. मग मास्कमध्ये बराच वेळ दम घेऊन तिने तो पुन्हा उचलला. "मग मलाही नाही. घाला म्हणावं नळी."

धाकटा तिचं मन बदलायच्या आत डॉक्टरांना बोलवायला धावला. धाकटी पेला खाली ठेवून पुढे आली.

"ताई, परत लावा ना फोन."

"त्याचा ट्रेमध्ये असेल."

"लावून तर बघा. मिनिटाचं काम."

"थोड्या वेळाने लावते," ताई म्हणाली आणि फोन पर्समध्ये टाकला.

पडदा ओढला गेला. नर्सने दोघींना बाजूला उभं केलं. पर्स थरथरली. थांबली, पुन्हा थरथरली. आतमध्ये फोन वापरू नये असं भिंतीवर लिहिलेलं होतं आणि इतका वेळ ते कुणी पाळलं नव्हतं. ताईने पर्स पोटाशी घट्ट धरली. धाकटी तिच्याकडे बघत होती, पडद्याकडे नाही. आईचा आवाज एकदा आला, खोकल्यासारखा, आणि मग मशीनचा सुरू झाला.

तिसऱ्यांदा पर्स थरथरली तेव्हा ताई बाहेर खुर्च्यांपाशी आली होती. तिने फोन उचलला.

"उचलत का नव्हतीस?" थोरला ओरडतच होता. "परवा नाही येत मी, उद्या येतोय. थेट विमान आहे आता, गेल्या वर्षी सुरू झालंय. साडेपंधरा तास. उद्या दुपारी दवाखान्यात असेन. आईला सांग, उद्यापर्यंत दम धर म्हणावं. नळी नका घालू एवढ्यात."

ताई खुर्चीवर बसली. सगळ्या खुर्च्या हलल्या.

"घातली, दादा."

पलीकडे भोंगा वाजत राहिला.

"कधी?"

"आत्ताच."

"अगं, मी सांगत होतो ना!"

"फोन तुटला."

"आई तयार झाली?"

"झाली."

"काही म्हणाली?"

"दमली होती फार," ताई म्हणाली.

"बरं," थोरला म्हणाला. त्याचा आवाज एकदम थकला. "जाऊ दे. आहे ना ती? मग बरं. बोलेल नंतर. विमानाचं दार उघडलं इथे, ठेवतो." आणि त्याने फोन ठेवला. आता साडेपंधरा तास त्याला काही सांगता येणार नव्हतं आणि त्याच्याकडून काही ऐकावंही लागणार नव्हतं. ताईला त्यामुळे हायसं वाटलं आणि त्या वाटण्याची शिसारी आली.

"काय म्हणतोय?" धाकट्याने विचारलं.

"उद्या दुपारी येतोय. थेट विमान सुरू झालंय."

धाकट्याने ते ऐकलं. दिवस मोजायला त्याला बोटंही लागली नाहीत. तो भिंतीला टेकला आणि हळूहळू खाली उकिडवा बसला.

"मला काय माहीत थेट विमान सुरू झालंय?" तो म्हणाला. "सांगायला नको कुणी?"

"पाच वर्षांत विचारलं कुणी?" धाकटी म्हणाली.

"म्हणजे चढवाचढव काढून टाकली मधली," मामा म्हणाले. ते आत नव्हते आणि आत काय झालं ते त्यांना अजून कुणी सांगितलं नव्हतं. "बरं झालं. किती वेळ वाचतो बघ."

मामांनी एकेकाच्या तोंडाकडे पाहिलं. "अरे, मग आक्काला सांगा की! उद्या येतोय म्हटल्यावर हुशार होईल ती." धाकट्याने गुडघ्यात डोकं घातलं. तो रडत होता. भरल्या अंगाचा माणूस, साठ गाड्यांचा मालक, आणि नाक शर्टाच्या बाहीला पुसत होता. ताई तिथून उठून जिन्यापर्यंत गेली. धाकटी मागोमाग आली.

"मी म्हटलं होतं, दिवसाचं म्हणत असतील."

"हो."

"तुम्हाला कळलं होतं तेव्हाच. माझ्या आधी."

"हो," ताई म्हणाली.

धाकटी भांडायच्या तयारीने आली होती आणि समोरचा माणूस भांडतच नव्हता.

संध्याकाळी धाकट्याने तोंड धुतलं आणि तो ताईजवळ येऊन बसला. पाच वर्षं ती दोघं ऑफिसात समोरासमोर बसत होती, पण इतकं जवळ नाही. "ताई, दादाला हे सांगायचं नाही," तो म्हणाला. "आईने स्वतः हो म्हटलं, एवढंच. ते खरंच आहे की नाही? तो उगाच मनाला लावून घेईल." त्याच्या मनातली भीती दुसरीच होती, आणि ती ताईच्याही मनात होती, म्हणून तिने मान डोलावली. धाकटी म्हणाली, "मी आपण होऊन बोलणार नाही. पण विचारलं तर खोटंही बोलणार नाही." मामांना कुणी विचारलं नाही.

थोरला दुसऱ्या दिवशी, म्हणाला होता त्याच वेळी आला. एक पाठीवरची बॅग, चुरगळलेला शर्ट. केस जवळजवळ सगळे पांढरे झाले होते. तो पार वडिलांसारखा दिसायला लागला होता आणि ते बघून मामा खुर्चीतून अर्धवट उठले. धाकटा पुढे झाला, थांबला.

"झाला प्रवास नीट?"

"झाला," थोरला म्हणाला. मग त्याने धाकट्याच्या खांद्यावर हात ठेवला. "या वेळी तू थांबलास. बरं केलंस."

धाकट्याला मान वर करवली नाही.

नळी घातल्यापासून आत एका वेळी दोघांनाच सोडत होते. ताई त्याच्याबरोबर गेली. मुलगा येतोय म्हणून डॉक्टरांनी सकाळीच गुंगीचं औषध कमी केलं होतं. आईच्या तोंडातून नळी बाहेर आली होती आणि ती गालावर चिकटपट्टीने बसवलेली होती. नळी ओढू नये म्हणून दोन्ही मनगटं पट्टीने खाटेच्या कठड्याला सैल बांधली होती. थोरल्याने ते पाहिलं आणि बॅग खाली ठेवली.

"ऐकू येतंय त्यांना," नर्स म्हणाली. "बोला तुम्ही."

तो वाकला. "आई, मी आलो गं."

आईचे डोळे उघडले. आधी ते कुठेच नव्हते, मग त्याच्या चेहऱ्यावर आले आणि थांबले. केसांवरून फिरले, हनुवटीवर गेले, पुन्हा डोळ्यांत आले. मग आईने मान वळवली. नळी जितकी वळू देत होती तितकी, हळूहळू, पलीकडच्या भिंतीकडे.

"ओळखलं नाही तिने मला," थोरला म्हणाला. "औषधामुळे असेल, नाही?"

हो म्हणायचं होतं. एका अक्षराचं काम. धाकटा काचेपलीकडून बघत होता आणि काल ठरलेलंही तेच होतं. थोरला तेवढ्यावर कायमचा समाधानी राहिला असता. पण आईची वळलेली मान ताईला बघवेना.

ती खाटेवर ओणवली. "आई, ऐक. त्याला परवा नाही असं नव्हतं गं ते. परवा नाही, उद्या येतो, असं म्हणत होता तो. फोन मधेच तुटला. तो तुझ्याशी बोलायलाच आलाय. नळी घालू नका असंच सांगत होता तो. आई, ऐकतेस ना?"

मान हलली नाही.

थोरला सरळ उभा राहिला. त्याला कळायला वेळ लागला. तेरा हजार किलोमीटर येऊन तो जागेपणीच झोपेत होता. मग एकेक करून कळत गेलं आणि चेहऱ्यावर दिसत गेलं.

"तिला काय वाटलं?" त्याने विचारलं.

"की ती बोलली नाही तरी तुला काही वाटणार नाही."

"म्हणून हो म्हणाली ती?"

"हो."

"आणि तुला? तुलाही तसंच वाटलं?"

"नाही," ताई म्हणाली. "मला कळलं होतं, तू दिवसाचं बोलतोयस."

"मग परत फोन का नाही लावलास?" तो अगदी हळू विचारत होता. आईला ऐकू जाऊ नये म्हणून.

"ती हो म्हणाली होती, दादा. तू उद्या येतोयस हे तिला कळलं असतं तर ती नाही म्हणाली असती. आणि मला ती हवी होती."

थोरल्याने तिच्याकडे पाहिलं. त्यात राग असता तर ताईला सोपं गेलं असतं. तो खाटेला वळसा घालून पलीकडे गेला. तिकडे भिंत आणि खाट यांच्यामध्ये माणूस उभा राहण्याइतकीही जागा नव्हती. पाठ भिंतीला घासत तो आत शिरला, सलाइनचा स्टँड सरकवला आणि तिच्या चेहऱ्यासमोर गुडघ्यांवर बसला. आईने डोळे मिटून घेतले.

"बाबा काय म्हणाले होते, आई?" त्याने विचारलं. "आलोय मी. सांग आता."